फळीवरची औषधं

सियानकाकांनी शर्टाच्या खिशातून गोळ्यांची रिकामी पट्टी काढली, तळहातानं सपाट केली आणि काउंटरच्या काचेवरून चानपेनकडे सरकवली.

“ही द्या. हीच. दुसरी कुठली दाखवू नका.”

चानपेननं पट्टी उचलली आणि तिचा हात तिथंच थांबला. ही गोळी ती दुकानात विकायला ठेवतच नव्हती. नोंगसिमच्या बाजारात औषधांचं दुकान तिचं एकटीचं, आणि अख्ख्या तालुक्यात ही गोळी आणखी कुणाकडे असायचं कारण नव्हतं. ॲसिडवरची नव्या जातीची गोळी. जेवणाआधी घ्या नाहीतर नंतर, पहिल्या दिवसापासून काम करणारी, आणि किंमत अशी की ऐकूनच छातीत जळजळावं. जिल्ह्याच्या डॉक्टरांच्या हातापाया पडून तिनं चिठ्ठी लिहून घेतली होती आणि बँकॉकहून खोकी मागवली होती. ती सगळी तिनं धाकट्या भावाला दिली होती. भाऊ गावच्या विहारात भिक्खू होता.

“काका, ही तुम्हाला मिळाली कुठं?”

“भंतेंकडे. दुसरं कोण देणार?”

सियानकाकांची वडापची पिकअप होती. गावापासून तालुक्यापर्यंत दिवसभर माणसं भरायची आणि रिकामी करायची, मधे मिळेल ते खायचं, हा त्यांचा धंदा. त्यांना छातीत जळायचं, झोपलं की घशाशी आंबट यायचं. विहारात पाण्याचे बॅरल पोचवायला गेले तेव्हा ओसरीवर बसून त्यांनी भंतेंपुढे रडगाणं गायलं, आणि भंतेंनी फळीकडे बोट दाखवलं.

“स्वतः उचलून नाही दिली हां. नुसतं बोट दाखवलं. म्हणाले, त्यातली घेऊन जा, ताईनं आणलेली आहे, चांगली असणार. आणि चांगली म्हणजे काय! आता मी मिरच्या घालून पपईची कोशिंबीर खातो आणि वर गाडी चालवत गाणं म्हणतो.”

मग त्यांनी आणखी ऐकवलं. गिरणीवाल्याच्या बायकोला त्याच फळीवरच्या कॅप्सुलांनी गुण आला होता. शाळेच्या मास्तरांना पांढरं पातळ औषध लागू पडलं होतं. फटाकेवाल्या म्हातारीला रात्रीची छोटी गोळी. सगळ्या गावाचं पित्त त्या एका फळीनं उतरवलं, असं काका म्हणाले, आणि ते कौतुकानंच म्हणाले.

चानपेनचं पित्त मात्र चढलं. दुसऱ्याच्या नावाचं औषध तपासणीशिवाय खाता कसं, म्हणून तिनं काकांना चांगलंच फैलावर घेतलं. काका म्हणाले, दुसऱ्याचं कसलं, दानातलं आहे. तिनं त्यांच्या हातात पातळ औषधाची साधी बाटली ठेवली, डॉक्टरांकडे जायला बजावलं, आणि ते बाहेर पडताच दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. मग विचार बदलून पूर्ण खाली ओढलं.

भावाचं दुखणं आषाढात सुरू झालं होतं, भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाच्या, वर्षावासाच्या तोंडावर. आधी नुसता घसा खवखवला. मग खोकला. मग आवाज बसला तो बसलाच. जिल्ह्याच्या रुग्णालयात घशात नळी घालून पाहिलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, पोटातलं ॲसिड वर येऊन स्वरतंतू भाजताहेत, महिनोन्महिने गोळ्या नेमानं घ्याव्या लागतील, तेव्हा कुठं घसा निवळेल. नेमानं, हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला होता. चानपेनला तो पुन्हा सांगायची गरज नव्हती. अर्ध्या गावाला नेमानं औषध घ्यायला लावण्यात तिचा जन्म चालला होता.

एरवी एखाद्या भिक्खूचा आवाज बसला तर फारसं बिघडत नाही. गावकऱ्यांना मंगलपाठ पाठ असतात, ते सावरून घेतात. पण चानपेनच्या भावाचा, ठितधम्मो भंतेंचा आवाज म्हणजे नोंगसिमची मिरवायची गोष्ट होती. फाल्गुनात विहारात दानकथेचं पारायण होतं. सगळं देऊन टाकणाऱ्या राजपुत्राची कथा, पहाटेपासून तिन्हीसांजेपर्यंत, अध्यायामागून अध्याय, चालीवर. प्रत्येक अध्यायाचं यजमानपद एकेका घराकडे असतं. त्यातला आईचा अध्याय चानपेनच्या घराकडे होता. राजपुत्र शेवटी आपली मुलंही देऊन टाकतो, आणि रानात कंदमुळं वेचायला गेलेली आई परत येऊन त्यांना शोधत हिंडते. हा अध्याय भंते म्हणायला लागले की शेजारच्या तालुक्यांतून आलेल्या बायका पदर तोंडाला लावून बसायच्या. सगळ्यांत पुढे, हात जोडून, त्यांची स्वतःची आई बुआखाम बसायची. मुलगा भिक्खू झाल्यापासून तिला त्याच्या अंगावरून हात फिरवता येत नव्हता, त्याच्या पानात वाढता येत नव्हतं, नावानं हाक मारता येत नव्हती. वर्षातून एकदा तासभर तो तिच्यासमोर बसून गायचा, आणि तेवढं तिला वर्षभर पुरायचं.

आवाज परत आला नाही तर तो तास जाणार होता. विहाराच्या प्रमुखांनी, थोरल्या भंतेंनी सांगून ठेवलं होतं: माघी पौर्णिमेपर्यंत वाट पाहू, नाहीतर आईच्या अध्यायाला बाहेरून कुणाला तरी बोलावू.

म्हणून चानपेन औषधांच्या मागे हात धुऊन लागली. सुरुवात पांढऱ्या पातळ औषधानं झाली. ते लगेच थंडावा देतं, पण टिकत नाही, हे तिला माहीत होतं; तरी भंते म्हणाले की फरक आहे, आणि दोन दिवसांत जैसे थे. मग तिनं रात्रीची फॅमोटिडीन आणली. पहिल्या रात्री बरं, मग पुन्हा तेच. या गोळीची शरीराला सवय होते आणि ती बोथट पडते, असं पुस्तकातही आहे, पण आठवड्यात? मग ओमेप्राझोलच्या कॅप्सुली, सकाळी जेवणाच्या अर्धा तास आधी. एका कंपनीच्या, मग दुसऱ्या कंपनीच्या, मग दुप्पट ताकदीच्या. दर वेळी पहिला दिवस बरा आणि पुढचे सगळे वाईट. कंपनीच्या माणसाला तिनं दुकानात उभं करून विचारलं की आत औषध भरता की तांदळाचं पीठ. तो बिचारा दुसऱ्या दिवशी माहितीपत्रकांचा गठ्ठा घेऊन आला. रात्रीचं जेवण उरकलं की ती माहितीपत्रकं शेजारी शेजारी मांडून बसायची; कुणाचा असर किती वेळ, कोण जेवणावर अवलंबून, कुणाची कुणाशी भांडणं. तिला ते सगळं पाठ झालं आणि भावाचा घसा तसाच राहिला.

भंतेंना विचारावं तर ते म्हणायचे, “औषध चांगलं आहे.” एवढंच. त्यांचा आवाज मिलच्या पट्ट्यासारखा घासत यायचा आणि तिला पुढे विचारवत नसे.

औषधं चालेनात तेव्हा तिची नजर जेवणाकडे वळली, आणि जेवण म्हणजे आई. बुआखाम भल्या पहाटे उठून भात वाफवायची, आंबवलेल्या मासळीच्या रसात मिरच्या कुटायची, आणि भिक्षेची रांग यायच्या आधी रस्त्यावर गुडघे टेकून बसायची. गुडघ्यांनी साथ सोडली तरी बसायची. भावाच्या दीक्षेपासून एक दिवस चुकला नव्हता. भिक्षापात्रात ती भाताची मूठ टाकायची आणि कालवणाचा डबा मागाहून विहारात पोचवायची. चानपेननं एके सकाळी त्या डब्याचं झाकण उघडून पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मिरचीनं.

“तुझ्या हातच्या जेवणानंच त्याचा गळा जाळलाय,” ती म्हणाली होती. “उद्यापासून नको जाऊस.”

बोलायला नको होतं इतकं. पण बोलून गेली. आईनं भाताची परडी, ती बांबूची, झाकणाची, स्वैपाकघरातल्या खिळ्याला अडकवली, आणि ती तिथंच राहिली. गावातली बाकीची घरं आपापल्या मिरच्या घेऊन विहारात जातच होती. सगळ्यांना कोण बंदी घालणार. म्हणजे त्या बंदीनं भंतेंच्या पोटाला काही फायदा झाला नाही. चानपेनला हे कळत होतं. तरी तिनं शब्द मागे घेतला नव्हता.

कालवण पोचवता पोचवता झाडलोट करायची जुनी सवय, तशी आई सकाळी विहारात जातच राहिली. रिकाम्या हातानं. काय करतेस तिथं, विचारलं तर म्हणायची, पालापाचोळा असतो.

चानपेननं विहाराच्या आवारात स्कूटर बोधीवृक्षाच्या कडेला लावली. दुपारची वेळ, कुत्रीसुद्धा सावलीला पसरलेली. थोरले भंते समोरच्या कुटीच्या ओसरीत पंखा घेऊन बसले होते, त्यांना तिनं लांबूनच हात जोडले. भाऊ आपल्या ओसरीवर मांडी घालून बसला होता. पुढ्यात पारायणाची पोथी उघडी होती आणि ओठ हलत होते. आवाज नव्हता.

तिनं रीतसर तीनदा डोकं टेकलं. तिसऱ्यांदा कपाळ जरा जोरातच लागलं.

“भंते, मी दिलेलं औषध तुम्ही घेता का?”

भंतेंनी पोथी मिटली. तिच्यावर फडकं गुंडाळलं, दोरी बांधली, गाठ पुन्हा सोडून नीट बांधली.

“तू नवं खोकं आणतेस त्या दिवशी घेतो.”

“आणि बाकीचे दिवस सियानकाका घेतात.”

भंतेंच्या चेहऱ्यावर शरमेसारखं काहीतरी येऊन गेलं. ते पाहून तिचा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. आषाढापासून ती त्यांना विचारत होती, आणि ते औषध चांगलं आहे म्हणत होते. खोटं बोलायचं नाही म्हणून शब्द किती जपून निवडले होते. तिनं कंपनीच्या माणसाला फाडून खाल्लं होतं. आईला बोलली होती. आणि गोळ्या पोटात गेल्याच नव्हत्या. मग ती आषाढापासून तुलना कशाची करत होती?

“तोंग,” ती म्हणाली. लहानपणीचं नाव होतं ते, आणि भिक्खूला त्या नावानं हाक मारू नये हे तिला चांगलं माहीत होतं. “का?”

भंते तिच्याकडे पाहत नव्हते. ते फळीकडे पाहत होते, म्हणून तिनंही पाहिलं.

ती फळी तिनंच निवडली होती. आत ठेवलं तर विसराल, इथं ओसरीवर डोळ्यांसमोर राहील, असं ती म्हणाली होती; शिवाय उत्तरेकडची ओसरी, वर्षभर ऊन येत नाही, गोळ्या तापत नाहीत. आता फळीवर औषधांची खोकी होती. उंचीप्रमाणे लावलेली, उंच डावीकडे आणि बुटकी उजवीकडे, नावं सगळी समोर. मधे अंतर सारखं. फळीच्या लाकडावर धुळीचा कणही नव्हता. कठड्यावर ओलं फडकं वाळत घातलं होतं, तीन घड्या करून, आणि कोपऱ्यात गवताचा कुंचा उलटा उभा होता.

घरी मसाल्याच्या बरण्या अशाच लागलेल्या असतात. फडकं असंच तीन घड्या होऊन वाळतं.

चानपेनला एकदम तिच्या लहानपणचं विहारातलं जेवण आठवलं. भिक्खूंपुढे ताटं अर्पण करून झाली होती. तिला एक ताट वाकडं दिसलं म्हणून तिनं ते एका बोटानं सरळ केलं. आईनं तिच्या हातावर चापट मारली, आणि ताट उचलून पुन्हा रीतसर, दोन्ही हातांनी, वाकून अर्पण केलं. घरी येताना आई म्हणाली होती, भंतेंना दिलेल्या वस्तूला आपला हात लागला की ते दान सुटतं. मग ते त्याला शिवत नाहीत, जोवर कुणी पुन्हा देत नाही. थोरले भंते या बाबतीत सैल होते, म्हातारपणी होतात माणसं. ठितधम्मो पहिल्यापासून काटेकोर.

म्हणजे आषाढापासून रोज सकाळी भंते भिक्षेला गेले की आई यायची, ओसरी झाडायची, फळीवरचं एकेक खोकं उचलायची, खालून पुसायची, परत ठेवायची. तिच्या लेखी जेवणाचा नियम जेवणापुरता. औषधाच्या खोक्याला तो लागू होतो हे तिच्या मनातही आलं नसणार. आणि भंते परतले की फळीवरची खोकी इंचभर सरकलेली दिसायची.

“कुणालाही सांगून पुन्हा हातात घेता आली असती,” ती म्हणाली. आवाज आपोआप खाली आला होता. “पाणी द्यायला येणाऱ्याला. सियानकाकांना.”

“सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, का.”

“मग?”

“मग संध्याकाळपर्यंत बाजारात कळलं असतं. दुसऱ्या दिवशी आई आली नसती.” भंते थांबले. घासलेल्या आवाजाला तेवढं बोलणंही जड जात होतं. “रस्त्यावर बसणं तिचं आधीच बंद झालंय.”

कुणी बंद केलं ते त्यांनी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, तिला भांडता आलं असतं.

“आणि पारायण? आणि आईचा अध्याय?”

“दुसरे कुणी म्हणतील.”

“ती काय दुसऱ्या कुणाचं ऐकायला बसते का?” थोरल्या भंतेंचा पंखा थांबला, म्हणून तिनं आवरतं घेतलं. “ती पोथी वाचून वाचून तुम्हाला त्या राजपुत्राचं वेड लागलंय, भंते. सगळं देऊन मोकळं व्हायचं. त्यानं निदान स्वतःचा गळा तरी दिला नव्हता.”

भंते हसले. हसताना खोकला आला आणि बराच वेळ गेला नाही. तिला त्यांच्या पाठीवर हात ठेवायचा होता. तिनं पाण्याचा तांब्या उचलला, बाईच्या हातून भिक्खू थेट घेत नाहीत म्हणून ते समोर रुमाल पसरेपर्यंत थांबली, आणि तो रुमालावर ठेवला.

निघण्यापूर्वी तिनं फळीवरचं नव्या गोळ्यांचं खोकं घेतलं आणि तेही पुन्हा रुमालावर ठेवलं. भंतेंनी एक गोळी तिच्यासमोर घेतली. दोघांनाही ठाऊक होतं की उद्या सकाळी कुंचा फिरणार आहे.

माघी पौर्णिमेला तोवर फार दिवस उरले नव्हते. त्या दिवसांत चानपेन दोनदा विहाराच्या वाटेला लागली आणि दोनदा दुकान उघडायचंय म्हणून परतली. आईला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? आधी म्हणायचं तुझ्या मिरचीनं जाळलं, आणि आता म्हणायचं तुझ्या फडक्यानं? तोंड उघडवेना. आणि नाही सांगावं तर गोळ्या फळीवर बसून राहणार. ती गिऱ्हाइकांवर चिडत होती, सुट्ट्या पैशांवर चिडत होती, सर्दीचं औषध मागायला आलेल्या शेजारणीलाही तिनं घरी जाऊन वाफ घे म्हणून वाटेला लावलं. शेजारीण नंतर आईला विचारत होती, हिला झालंय काय.

पौर्णिमेला दिवे घेऊन बोधीवृक्षाला प्रदक्षिणा झाल्या. मग सगळे सभामंडपात बसले आणि थोरल्या भंतेंनी ठितधम्मोंना आईच्या अध्यायाची सुरुवात म्हणायला सांगितली. पहिली ओळ निघाली. दुसऱ्या ओळीत, जिथं सूर वर जातो, तिथं काही निघालंच नाही; ओठ हलले आणि मंडपात पंख्याचा आवाज ऐकू आला. थोरल्या भंतेंनी हात वर केला. पुरे. दुसऱ्या तालुक्यातल्या एका तरुण भंतेंना निरोप धाडायचं ठरलं. त्यांचा आवाज गोड आहे म्हणे, आणि ते माइकशिवाय म्हणतात.

गिरणीवाल्याची बायको हळहळली. सियानकाका म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. त्या दोघांच्या छातीत आता जळत नव्हतं, आणि चानपेनला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

घरी येताना आईनं विझलेल्या मेणबत्तीचं बुड पदरात बांधून घेतलं आणि सबंध रस्ता त्याची गाठ चाचपत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद केल्यावर चानपेन मागच्या स्वैपाकघरात गेली. आई मोरीपाशी बसून फडकी धूत होती, विहारात न्यायची. चानपेननं जेवणाच्या टेबलावर दोन खोकी ठेवली, जुन्या कॅप्सुलांचं आणि नव्या गोळ्यांचं, आणि खुर्ची ओढून बसली. दिवसभर मनात घोळवलेलं वाक्य होतं, ते तिनं पाठ म्हणून दाखवावं तसं म्हटलं.

“आई, उद्यापासून औषध फळीवर ठेवायचं नाही. रोज सकाळी एक, भंते भिक्षेला निघायच्या आधी, रुमालावर ठेवून तू हाती द्यायचं.”

आईचा फडक्यावरचा हात थांबला.

“फळीवर का नको?”

“उन्हानं खराब होतात गोळ्या.”

म्हणून झाल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. उत्तरेकडची ओसरी. त्या फळीवर कधी ऊन येत नाही हे गावात कुणाला ठाऊक असेल तर ते रोज ती फळी पुसणाऱ्या बाईला. चानपेन खोक्यांकडे बघत राहिली. मोरीत नळाचं पाणी ठिबकत होतं.

आईनं फडकं पिळलं. एकदा पिळून झालं होतं, तेच पुन्हा पिळलं, मग पुन्हा. पाणी यायचं केव्हाच थांबलं तरी तिच्या मुठी सैल झाल्या नाहीत. मग तिनं ते झटकलं, तीन घड्या केल्या, आणि धुतलेल्या फडक्यांत न ठेवता बाजूला, कोपऱ्यात ठेवून दिलं.

“हाती द्यायचं,” ती म्हणाली.

“हो. तूच.”

“रोज?”

“रोज. नेमानं. एक दिवस चुकला तर उपयोग नाही.”

“चुकायचा नाही,” आई म्हणाली. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, टेबलाशी आली, आणि दोन्ही खोकी डोळ्यांजवळ नेऊन उलटसुलट करून पाहिली. अक्षरं तिला दिसत नव्हती. “यातलं चांगलं कोणतं?”

चानपेननं तोंड उघडलं. या प्रश्नाचं उत्तर ती दिवसातून कितीदा तरी गिऱ्हाइकांना द्यायची, काउंटरवर हात टेकून, न अडखळता. याचा असर किती वेळ, त्याचा किती, कुठलं जेवणाआधी, कुठलं कधीही. भावाच्या बाबतीत तर तिनं त्यापलीकडचं वाचलं होतं.

“अजून कळलेलं नाही, आई.”

आईनं मान हलवली, जणू तिला हेच उत्तर हवं होतं. जुन्या कॅप्सुलांचं खोकं तिनं हातात ठेवलं आणि दुसरं परत सरकवलं. मग हात उंच करून खिळ्याला अडकवलेली बांबूची परडी काढली. तिच्यावर इतक्या महिन्यांची धूळ आणि चुलीची काजळी बसली होती. पदरानं पुसून तिनं झाकण उघडलं, खोकं आत ठेवलं, आणि झाकण न लावता तशीच उभी राहिली.

“आणि मूठभर भात?”

“मिरची नको,” चानपेन म्हणाली. सवयीनं, पटकन.

“भाताला कुठं मिरची असते, बाई,” आई म्हणाली, आणि उद्याचा तांदूळ भिजत घालायला वळली.